चार डागी गर

फाल्गुन संपत आला की आमच्या ऑफिसच्या जिन्यावरून काजूचा वास वर येतो. शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागं आमची जागा आहे. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही सहा माणसं आणि नऊ संगणक. आजरा-चंदगडकडची माणसं कामासाठी यायला लागतात आणि त्यांच्या शर्टांना, पिशव्यांना, घडी घातलेल्या कागदांनासुद्धा तो वास असतो. भाजलेल्या काजूचा वास सगळ्यांना ठाऊक असतो, हा तो नव्हे. हा टरफलातल्या तेलाचा आणि वाफेचा, थोडासा डांबराकडं झुकणारा, नाकात घर करून बसणारा वास. त्यात कुणी प्रेमानं पिशवीभर काजूची बोंडं आणून ठेवली तर दुसऱ्या दिवशी सगळा मजला आंबूस-गोड होऊन जातो.

काजू कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो असं सांगितलं की लोक आधी हसतात. काजूला काय करायचंय सॉफ्टवेअर? मी त्यांना समजावून सांगते. काजू उकडतात, फोडतात, मग आतला गर ड्रायरमध्ये वाळवतात, तेव्हा कुठं त्याची लाल साल सुटते. वाळवताना पहिले दोन तास मोठा ताव लागतो, पुढं मंद. कमी वाळला तर साल चिकटून राहते, जास्त वाळला तर गर तपकिरी पडतो आणि हातात घेतला की मोडतो. तो ताव आणि ती वेळ सांभाळायचं काम आमचा प्रोग्राम करतो. इतकंच. पण आत बसलेला गर वीस बायकांच्या हातांखालून गेलेला असतो, आणि पुढं आणखी वीस हातांखालून जायचा असतो. त्यामुळं इतकंच म्हणजे थोडं नव्हे.

यंदाही वास आला. आणि दरवर्षी येतो तसा तो हंगामही आठवला. सात वर्षं झाली त्याला.

तेव्हा मी कंपनीत नवी नव्हते. उलट आमचे मालक मगदूम सर सोडले तर सगळ्यांत जुनी मीच. सर शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातले. ऊस सोडून संगणकात आलेले, पण बोलणं अजून बांधावरचं. ते गिऱ्हाईक आणायचे, मी प्रोग्राम लिहायचे. आणि प्रोग्राम लिहून झाला की तो बांधून, डब्यात भरून पाठवण्यासाठी एक बॅच फाइल होती. तीही माझीच.

बॅच फाइल म्हणजे कामांची यादी. एका ओळीखाली दुसरी ओळ. जुना कचरा काढ, नवा प्रोग्राम तयार कर, त्यावर नवा नंबर टाक, सगळं एका डब्यात, म्हणजे एकाच फाइलीत, भर. संगणक वरून खाली एकेक ओळ करत जातो. मधली एखादी ओळ फसली तर? तर काही नाही. तो पुढची करतो. थांब म्हणून कुणी सांगितलं नसेल तर तो थांबत नाही. प्रत्येक काम संपताना मागं एक आकडा ठेवतं: शून्य म्हणजे ठीक, दुसरं काही म्हणजे बिघडलं. तो आकडा बघायचा की नाही, हे लिहिणाऱ्यावर.

मी तो बघितला होता. निदान तशी माझी समजूत होती. फाइलच्या शेवटी हिरव्या अक्षरात ‘बिल्ड यशस्वी’ असं येई, आणि ती ओळ आली की मी चहाला उठायचे.

त्या वर्षी आम्ही एक महत्त्वाची दुरुस्ती केली होती. चंदगडच्या अलीकडं एका गावात बायकांच्या गटाचा काजू कारखाना आहे. तिथल्या प्रमुख गंगाक्का. पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. त्यांची तक्रार होती, “ताई, लाइट गेली की तुमचं यंत्र सगळं इसरतंय बगा. पाच तास वाळवलेलं असतंय, लाइट आली की हे पुन्ना पयल्यापासनं चालू. मोठ्या तावावर! गर करपणार न्हाय व्हय?”

तक्रार खरी होती. वळवाच्या दिवसांत तिकडं दुपारी लाइट जाणं हे दुपार होण्याइतकंच नक्की. तोवर अक्कांनी स्वतःचा उपाय केला होता. ड्रायर सुरू केला की बाजूच्या भिंतीवर खडूनं वेळ लिहायची आणि लाइट जाऊन आली की हिशेब करून हातानं बंद करायचा. मी दुरुस्ती लिहिली: लाइट गेली तरी किती तास झाले ते यंत्राच्या लक्षात राहील. माझ्या संगणकावर दहा वेळा प्लग काढून बघितलं. दहाही वेळा बरोबर चाललं. मग बॅच फाइल चालवली, हिरवी ओळ आली, आणि अकरा कारखान्यांना नवा डबा पाठवला.

अक्कांना मी फोनवरून सांगत सांगत तो बसवून दिला.

“स्क्रीनवर वर कोपऱ्यात नंबर काय दिसतोय अक्का?”

“चार पॉइंट दोन.”

“झालं मग. आता लाइट गेली तरी काळजी नको. ते खडूनं लिहायचंही सोडा.”

“सोडू?”

“सोडा की. मी सांगते ना.”

माझ्या आवाजातली ती खात्री मला आजही ऐकू येते. सात वर्षांत बाकी खूप काही विसरले, हे वाक्य विसरले नाही.

पंधरा दिवसांनी, वळवाला नुकती सुरुवात झाली तेव्हा, सकाळी ऑफिस उघडताच फोन आला. अक्काच. आवाज नेहमीचाच मोठा, पण शब्द कमी. “ताई, तुमचं नवीन काय ते चाललं न्हाय. काल दुपारी लाइट गेलती. आली, आणि पुन्ना पयल्यापासनं. मी तिकडं साल काढणाऱ्या बायकांत बसलेली. करपल्याला वास आला तवा पळाली. आठ ट्रे गेले.”

मी म्हटलं, असं होणार नाही. मी खरंच असं म्हटलं. त्या म्हणाल्या, “झालंय की पन.”

मगदूम सर टेबलाच्या पलीकडं उभे राहून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “तिकडं व्होल्टेजची बोंब आहे. व्होल्टेजनं पॅनेल गडबडलं असेल. तसं कळवू.” आणि मग थोडं थांबून, “अगदी खोटं नाही ते.”

सर वाईट माणूस नव्हेत. अकरा कारखाने मिळवायला त्यांनी मोटरसायकलवरून तो डोंगराळ भाग किती वेळा पालथा घातला ते मला माहीत होतं. त्या क्षणी मलाही व्होल्टेज हवंसं वाटलं. वाटलं, असेल, तसंच असेल. पण हात आपोआप पाठवलेल्या डब्याकडं गेला. डबा उघडला. वर नंबर नवा होता. आतल्या प्रोग्रामवर तारीख जुनी, महिनाभरापूर्वीची.

डबा बंद करून पुन्हा उघडला. तारीख तीच.

मग मी बॅच फाइलनं मागं सोडलेली नोंद वाचली. पहिल्यांदाच, वरपासून. मधे, चाळिसाव्या ओळीच्या आसपास, स्वच्छ लिहिलेलं होतं: जुनी फाइल कुणीतरी उघडून ठेवली आहे, नवी लिहिता येत नाही. त्या दिवशी शेजारच्या खोलीत सर एका गिऱ्हाइकाला तोच प्रोग्राम चालवून दाखवत होते. नवा प्रोग्राम तयारच झाला नाही. आणि पुढच्या ओळीनं शांतपणे जुन्याच प्रोग्रामला नव्या नंबरची फाइल जोडली. त्याच्या पुढच्या ओळीनं तो डब्यात भरला. आणि शेवटी हिरव्या अक्षरात ‘बिल्ड यशस्वी’.

पण माझी तपासणी? आकडा बघणारी ओळ होती की. डोळे फाडून बघितली, जागच्या जागी होती. फक्त मी ती आणि ते काम, दोन्ही एका कंसात लिहिलं होतं. या भाषेची खोड अशी, की कंस दिसला की ती आतलं सगळं एकदम वाचून घेते, आकड्यांसकट, आणि मग कामाला लागते. माझ्या प्रश्नाचं उत्तर काम सुरू व्हायच्या आधीच ठरून जात होतं. शून्य. सगळं ठीक. तीन वर्षं ती तपासणी अशीच चालू होती आणि तीन वर्षं मी तिच्या भरवशावर चहाला उठत होते.

“सर, व्होल्टेज नाही,” मी म्हटलं. “मी आहे.”

ते खुर्चीत बसले. मी दाखवत गेले, ते बघत गेले. माझ्या मनात होतं की आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “किती ठिकाणी गेलंय हे?”

“अकरा.”

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि दक्षिणेकडं आत्ताच ढग चढायला लागले होते. “म्हणजे आज दुपारी अजून दहा ड्रायर,” ते म्हणाले. “घे फोन. सहा तू, चार मी. दुरुस्ती नंतर.”

ती तासाभराची फोनाफोनी मला पावसाच्या आवाजासारखी आठवते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा: नवा प्रोग्राम चुकीचा गेलाय, चूक आमची आहे, आज ड्रायर हातानं बंद करा. कुणी चिडलं, कुणी “बरं बरं” म्हटलं, कुणाला कळेपर्यंत तीनदा सांगावं लागलं. आजऱ्याचा एक कारखाना फोन उचलेना. सरांनी नऊ वेळा लावला. दहाव्यांदा उचलला तेव्हा पलीकडून मुकादमाचा आवाज, “बोला पावणं, जरा घाईत हाय. लाइट आत्ताच जाऊन आली.”

“ड्रायर बंद करा!” सर इतक्या मोठ्यानं ओरडले की खालच्या सायकलवाल्यानं वर बघितलं. “आधी बंद करा, मग बोला!”

फोन तसाच चालू. चपलांचा आवाज. कुठलंतरी दार. मग, “केला. का ओ?”

सरांनी डोळे मिटले आणि मग सगळं नीट समजावून सांगितलं.

दुपारपर्यंत मी कंस काढले, प्रत्येक कामानंतर आकडा नव्यानं बघितला, बिघडलं तर तिथंच थांबायची सोय केली. खरा नवा प्रोग्राम तयार झाला. या वेळी तारीख डोळ्यांनी बघितली आणि मगच पाठवला. तसं बघितलं तर काम संपलं होतं. पण आठ ट्रे गेलेल्या बाईला फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटेची चंदगडची एसटी धरली.

तो रस्ता हंगामात सुंदर असतो हे मला त्या दिवशीही दिसत होतं, त्याचा रागही येत होता. गडहिंग्लजच्या पुढं जमीन हळूहळू लाल होते. बांधावर काजूची झाडं, खाली पडलेली पिवळी-तांबडी बोंडं, टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका. वळीव रात्री पडून गेलेला. खिडकीतून ओल्या मातीचा आणि बोंडांचा वास येत होता, आणि मांडीवर लॅपटॉप धरून मी मनात वाक्यं जुळवत होते.

अक्का दारातच भेटल्या. त्यांचे दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेले होते.

कुणी मला सांगितलं नव्हतं. त्याही फोनवर बोलल्या नव्हत्या. करपल्याचा वास आला तेव्हा ड्रायरचं दार उघडून त्यांनी पदरानं ट्रे ओढले होते, आणि पदर पुरला नव्हता. तळवे भाजले होते. ज्या हातांनी त्या अंधाऱ्या खोलीतही गर चाचपून अख्खा की पाकळी ते सांगायच्या, ते हात.

“बसा,” त्या म्हणाल्या. “च्या घ्या.”

मला बसता येईना. मी उभ्यानंच सांगितलं. सगळं, सोप्या शब्दांत, पण काही न गाळता. नवा प्रोग्राम तयारच झाला नव्हता. यंत्रानं झाला म्हणून सांगितलं. मी ते खरं मानलं. आणि वर तुम्हाला खडू सोडायला लावला.

त्या ऐकत राहिल्या. बाजूच्या बायकांचे हात चालायचे थांबले होते.

“म्हंजे न झालेलं काम झालं म्हणालं ते?”

“हो.”

“आणि तुम्ही इचारलं न्हाय?”

“विचारलं होतं अक्का. पण विचारायची पद्धत चुकली. उत्तर आधीच ठरलेलं होतं.”

“हं.” त्यांनी फडक्यातले हात मांडीवर ठेवले. “आता बरोबर इचारतंय कशावरनं?”

“मी काल नवीन लिहिलंय.”

“ते पयलंबी तुम्हीच लिवलं होतं की.”

यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मग त्यांनी मला शेजारच्या खोलीत नेलं. तिथं बायका पांढऱ्या गरांचे ढीग निवडत होत्या. “हितं नवी बाई आली,” त्या म्हणाल्या, “की मी तिच्या सुपात चार डागी गर मुद्दाम टाकती. तिला न सांगता. चारी काढले तर तिचं सूप मी पुन्ना बघत न्हाय. तीन काढले तर तिच्या शेजारी बसती. डाग न्हाय असलं सूप बघून ‘चांगलं हाय’ कोणबी म्हणंल. त्यात काय कळतंय?”

मी तिथंच, निवडणीच्या खोलीत, जमिनीवर लॅपटॉप उघडून बसले. माझ्या बॅच फाइलमध्ये सहा पायऱ्या होत्या. मी एकेक पायरी मुद्दाम बिघडवायला लागले. प्रोग्रामच्या मधोमध माझं नाव टाइप केलं, म्हणजे तो तयारच होऊ नये. चालवली. लाल अक्षरं, फाइल थांबली. जुना प्रोग्राम उघडून ठेवला. थांबली. नंबरची फाइल लपवली. थांबली. अक्का शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. प्रत्येक वेळी लाल दिसलं की “हा एक,” “हा दोन,” असं मोजत होत्या. चौथी पायरी. थांबली. पाचवी पायरी. थांबली.

सहावी पायरी डबा भरायची. पाचव्या पायरीनंतर फाइल थांबवून मी डब्यात जायचा तयार प्रोग्रामच तिथून काढून टाकला आणि फाइल पुढं चालवली. ओळी सरकल्या. आणि शेवटी, हिरव्या अक्षरात, बिल्ड यशस्वी.

रिकामा डबा तयार झाला होता.

“हिच्या शेजारी बसाय पायजे,” अक्का म्हणाल्या.

मी हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. त्याही हसल्या. आणि मग मी तिच्या शेजारी बसले, अगदी शब्दशः, दुपारी चारपर्यंत. डबा भरणाऱ्या त्या अवजाराला काही सापडलं नाही तर ते नुसती कुरकुर करायचं आणि मागं शून्य ठेवून जायचं. त्याच्या शून्यावर भरवसा ठेवून चालणार नव्हतं. डबा उघडून आत प्रोग्राम आहे का, आजच्याच तारखेचा आहे का, हे बघितल्याशिवाय हिरवी ओळ येणार नाही असं लिहिलं. पुन्हा बिघडवलं. लाल. “सहा,” अक्का म्हणाल्या आणि उठल्या.

निघताना मी त्यांना म्हटलं, आठ ट्रेंचं नुकसान भरून देऊ, सर तसं बोललेत. त्यांनी मान हलवली. “ते द्या. पन त्याच्यासाठी आला असता तर मी च्या इचारला नसता.”

तळवे भरून यायला दीड महिना गेला. तेवढा हंगाम त्यांनी निवडणीला हात लावला नाही, नुसत्या बसून बघत राहिल्या, आणि बायका सांगतात की तो काळ सगळ्यांना फार जड गेला कारण अक्कांचं बोलणं दुप्पट झालं होतं. उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या बुडाशी एक गुळगुळीत डाग राहिला आहे. मी तो बघितला आहे. त्या तो लपवत नाहीत आणि दाखवतही नाहीत.

त्यानंतर किती प्रोग्राम लिहिले, किती जण ऑफिसात आले-गेले. मी आज कुणालाही बॅच फाइल शिकवते तेव्हा हिरवी ओळ कशी आणायची ते शेवटी शिकवते. आधी लाल कशी आणायची. नव्या मुलींना ते विचित्र वाटतं. चालणारी गोष्ट मुद्दाम का मोडायची? मोडून बघा म्हणते. मोडल्यावर ती ओरडली तर ती तुमची. गप्प बसली तर तिला अजून तुमचं ऐकू येत नाही. मला चुकांची भीती वाटेनाशी झाली ती तेव्हापासून. चुका होतात, हात घाईत असतात, फाइली उघड्या राहतात, कंस नको तिथं पडतात. भीती वाटते ती चूक झाल्यावर कुणीच काही न बोलण्याची. आणि त्याच्यावर उपाय करता येतो, ओळीओळीनं, दिवसाउजेडी, डोकं शांत ठेवून. हे मला आता पक्कं ठाऊक आहे.

सरांनी तर एक पद्धतच पाडली. हंगामाच्या आधी, नवा डबा पाठवण्यापूर्वी, एक अख्खा दिवस आम्ही आमचंच काम बिघडवतो. सर स्वतः येऊन बसतात, आणि बिघडवण्यात त्यांच्याइतकं डोकं कुणाचंच चालत नाही. गेल्या वर्षी त्यांनी संगणकाची तारीखच मागं नेऊन ठेवली होती. फाइल थांबली. सरांचं तोंड पडलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

यंदाचा डबा गेल्या आठवड्यात गेला. काल दुपारी अक्कांचा फोन आला. मी फोन सवयीनं कानापासून लांब धरला.

“ताई, तुमचं नवीन बसवलं.”

“नंबर बघितला?”

“नंबर कशाला बघू? मेन स्विच पाडला.”

“काय?”

“ड्रायर रिकामा चालू केला, तासाभरानं मेन स्विच पाडला. पुन्ना लावला. तासाच्या पुढनं उठलं. मग आणि एकदा पाडला. मग जेवून येऊन आणि एकदा.” पलीकडं बायकांचा गलका, पत्र्यावर ट्रे आपटल्याचे आवाज. “तिन्ही बारीला बरोबर उठलं. आता माल भरती. ठेवू?”

“ठेवा,” मी म्हटलं.